कुत्र्याला दया, मग माणसाला का नाही?

प्रश्न : मागच्या महिन्यात आमच्या गावाबाहेर हायवेवर ट्रकनं एका कुत्र्याची कंबर मोडली. कोणीतरी पशुवैद्यांना बोलावलं. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि सुई दिली. थोड्या वेळात त्याची तडफड थांबली. जमलेले सगळे म्हणाले, ‘सुटला बिचारा.’ मी घरी आले. घरात माझे सासरे, मामाजी, दोन वर्षांपासून लकव्यानं खाटेवर आहेत. लघवीची नळी आहे, पाठीला जखमा आहेत, घास भरवावा लागतो. बोलणं तुटक, पण समजतं सगळं. येणारा-जाणारा म्हणतो, देवानं आता सोडवावं. आमचे हे म्हणतात, पैसा गेला त्याचं काही नाही, पण बघवत नाही. मोठ्या नणंदबाई म्हणतात, परदेशासारखा कायदा आपल्याकडे असता तर बरं झालं असतं. मी आमच्या डॉक्टरांना सहज विचारलं, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. कुत्र्याला मिळाली ती दया माणसाला का मिळू नये? आणि दया करणं हेच ज्यांचं काम, ते डॉक्टर लोकच याला आडवे का येतात?
– एक वाचक भगिनी, नांदुरा, जि. बुलढाणा

उत्तर : ताई, तुमचा हा प्रश्न गांधीजींनाही विचारला गेला होता. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य यातनांत पडलं होतं. उपचारांचा आता उपयोग नाही असं कळल्यावर गांधीजींनी त्याला इंजेक्शन देववून त्याचा शेवट केला. अहिंसा सांगणाऱ्या माणसानं वासरू मारलं म्हणून केवढा गहजब झाला! संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. त्यांत काहींनी नेमकं तुमच्यासारखंच विचारलं, की वासराला लावलेला न्याय माणसाला लावाल का, स्वतःला लावून घ्याल का? गांधीजींनी टाळाटाळ केली नाही. दोघांना नियम एकच, असं त्यांनी उत्तर दिलं. गोष्ट सांगणारे इथेच थांबतात. पण गांधीजी पुढे लिहीत गेले. त्याचा आशय असा, की प्रत्यक्षात आपण आपल्या आजारी माणसाला मारत नाही, कारण त्याच्यासाठी करण्यासारखं काहीतरी बहुतेक वेळा आपल्या हाती असतंच; शिवाय माणूस स्वतः विचार करू शकतो, स्वतःचं ठरवू शकतो.

डॉक्टरांच्या विरोधाची मुळं मला या दोन गोष्टींतच दिसतात. हाती खरंच काही उरलं नाही का? आणि ठरवतंय कोण? धर्म, पाप, पुनर्जन्म हे मुद्दे सभेत येतात, पण दवाखान्याच्या आत मी जे ऐकत आलो त्यात त्यांचा वाटा थोडा.

आधी शब्दाचा गुंता सोडवू. ‘इच्छामरण’ हा शब्द आपल्याकडे फार सैल झाला आहे. वऱ्हाडातलं कुठलंही वर्तमानपत्र उघडा. पीकविम्याचे पैसे अडले, अनुकंपाची नोकरी लटकली, जमिनीचा मोबदला थकला, की ‘इच्छामरणाची परवानगी द्या’ असं निवेदन तहसीलदारांमार्फत थेट राष्ट्रपतींना जातं. यातल्या कुणालाही मरायचं नसतं आणि निवेदनावर शिक्का मारणाऱ्या कारकुनालाही ते ठाऊक असतं. (१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं सरसकट कलम राहिलं नाही. पण सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी कोणी तसा प्रयत्न केला तर कलम २२६ खाली तो अजूनही गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांना आपल्या आंदोलनांची चांगली माहिती दिसते.)

दवाखान्यात मात्र या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. माणूस बरा होण्याची आशा संपली म्हणून व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीतून जाणारं अन्न थांबवायचं, ही एक. डॉक्टरनं स्वतः प्राणघातक सुई द्यायची, ही दुसरी. डॉक्टरनं औषध लिहून द्यायचं आणि रुग्णानं ते आपल्या हातानं घ्यायचं, ही तिसरी. पहिली गोष्ट भारतात अटी पाळून करता येते. बाकीच्या दोन्ही गुन्हा आहेत. तुमच्या गावच्या कुत्र्याला मिळाली ती दुसरी.

आता कोणी म्हणेल, आपल्या परंपरेत तर स्वेच्छेनं देह ठेवणाऱ्यांना मान आहे. आहेच. सावरकरांनी १ फेब्रुवारी १९६६ पासून अन्न सोडलं आणि २६ फेब्रुवारीला त्यांचं निधन झालं. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न-औषध नाकारलं आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, ते गेले. जैन समाजात संथारा आहे. राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये तो गुन्हा ठरवला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. पण या सगळ्यांत एक गोष्ट पाहा. घेणारा स्वतः थांबला. देणारा कोणी नव्हता. विनोबांच्या खोलीत कोणी सिरिंज भरून उभं नव्हतं. भीष्मांनाही उत्तरायणाची वाट स्वतःच पाहावी लागली. आधुनिक कायदा मागतो तो दुसऱ्याचा हात, आणि तो हात डॉक्टरचा किंवा सिस्टरचा. भांडण सगळं त्या हातावर आहे.

या हाताबद्दल महाराष्ट्रात सर्वांत मोठ्यानं कोण बोललं असेल, तर परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका.

अरुणा शानबाग ही तिथलीच एक तरुण परिचारिका, मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कर्मचाऱ्यानं कुत्र्याच्या साखळीनं तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती पुन्हा कधी उठली नाही. वॉर्ड क्रमांक ४ ला लागून असलेल्या एका छोट्या खोलीत ती पुढची ४१ वर्षं राहिली. तिच्याबरोबर काम केलेल्या सिस्टर निवृत्त झाल्या. नंतर आलेल्यांनी तिला चालता-बोलताना कधी पाहिलंही नव्हतं, पण ड्युटीच्या यादीत अरुणा असायचीच. तिला घोटलेलं अन्न चमच्यानं भरवायचं, तोंड पुसायचं, कूस बदलायची, केस विंचरायचे. ऐंशीच्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी तिला दुसरीकडे हलवायचं महापालिकेच्या मनात आलं, तेव्हा या बायका आंदोलनाला उभ्या राहिल्या आणि पालिकेला माघार घ्यावी लागली.

२००९ मध्ये अरुणावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. या बाईला असं किती वर्षं ठेवणार, तिचं अन्न थांबवा आणि तिला शांतपणे जाऊ द्या, ही त्यांची मागणी. न्यायालयानं मुंबईच्या तीन डॉक्टरांचं मंडळ तिला पाहायला पाठवलं. अरुणाचे डोळे उघडे होते, पापण्या लवत होत्या, आवाज केला तर काही प्रतिसाद येत होता. पण भोवतालचं तिला काही उमगतं असं म्हणता येत नव्हतं. केईएमचे अधिष्ठाता आणि परिचारिका यांनी लेखी कळवलं, की आम्ही तिला सांभाळतो आहोत आणि सांभाळत राहू. इतक्या वर्षांत अरुणाच्या अंगावर एकही बेडसोअर, म्हणजे तुम्ही लिहिता तशी पाठीची जखम, झालेली नाही, याची न्यायालयात आवर्जून नोंद झाली.

७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यान सुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. अरुणाच्या वतीनं बोलायचा अधिकार कोणाचा, तर पुस्तक लिहिणाऱ्या लेखिकेचा नव्हे, रोज तिला घास भरवणाऱ्यांचा, असं त्यांनी ठरवलं. केईएममध्ये त्या दिवशी मिठाई वाटली गेली. गंमत अशी, की त्याच निकालात न्यायालयानं इतरांसाठी दार किलकिलं केलं. उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन आशा संपलेल्या रुग्णाचे उपचार थांबवता येतील असं प्रथमच सांगितलं. जिच्या नावानं हा हक्क भारतात आला, तिला तो मिळाला नाही. १८ मे २०१५ रोजी अरुणा न्यूमोनियानं गेली.

त्या परिचारिकांचा आक्षेप नीट समजून घ्यायला हवा. तो वेदनेच्या बाजूनं नव्हता. त्यांचं म्हणणं रोजच्या कामातून आलेलं होतं. डॉक्टर कागदावर आदेश लिहितात. नळी काढायची, सलाइन थांबवायचं, सुई टोचायची ती सिस्टरनं. सकाळी ज्या हातानं घास भरवला त्याच हातानं संध्याकाळी तो बंद कसा करायचा? रुग्णाला वर्गवारीत टाकणं, म्हणजे हा जगण्यालायक आणि हा नाही, हे एकदा सुरू झालं की पुढच्या वॉर्डातल्या, पुढच्या खाटेवरच्या माणसाकडे आपली नजरही बदलेल, अशी भीती या व्यवसायातल्या माणसांना असते. तीही खोटी म्हणता येत नाही.

पण मला इथे विराणींची बाजूही सोडवत नाही. अरुणाची सेवा जगात कुठेही दाखवावी अशी झाली. तरी प्रश्न उरतोच, ती सेवा अरुणाला हवी होती का? तिला विचारायची सोय १९७३ च्या त्या संध्याकाळीच संपली होती. शिवाय केईएममध्ये पाळीपाळीनं येणाऱ्या अनेक सिस्टर होत्या. तुमच्या घरात मामाजींना सिस्टर एकच, आणि ती म्हणजे तुम्ही. ‘आम्ही सांभाळू’ हे वाक्य ज्याच्याकडे माणसं आहेत त्याच्या तोंडी शोभतं.

आता डॉक्टरांकडे येऊ. तुमच्या डॉक्टरांनी कानांवर हात ठेवले त्याला कारण आहे. भारतातल्या वैद्यकीय व्यवसायाची २००२ ची आचारसंहिता दयामरण घडवून आणणं हे सरळ अनैतिक वर्तन मानते. त्यावरून नोंदणी जाऊ शकते. २०२३ मध्ये नवी नियमावली आली, पण काही आठवड्यांतच ती स्थगित झाली आणि जुनीच चालू राहिली. जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनांची शिखर संस्था असलेल्या जागतिक वैद्यकीय संघटनेनं २०१९ मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या सभेत पुन्हा ठामपणे सांगितलं, की डॉक्टरनं मरण देणं किंवा त्यासाठी मदत करणं आम्हाला मान्य नाही, आणि कोणाही डॉक्टरवर त्याची सक्ती होऊ नये. मात्र रुग्णानं उपचार नाकारले तर त्याचा तो हक्क डॉक्टरनं मानला पाहिजे, हेही तिथेच म्हटलं आहे. म्हणजे रेघ कुठे ओढलीय ते दिसतं.

ब्रिटनच्या डॉक्टरांची संघटना २०२१ मध्ये विरोध सोडून तटस्थ झाली, तीही ४९ विरुद्ध ४८ टक्के अशा काठावरच्या मतांनी. म्हणजे डॉक्टरांत एकमत आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही.

एक आक्षेप अंदाजाचा आहे. ज्या देशांत कायदा आहे तिथे बऱ्याच ठिकाणी ‘सहा महिन्यांपेक्षा जास्त जगणार नाही’ असं डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं. कोणत्याही अनुभवी डॉक्टरला खासगीत विचारा, सहा महिने सांगितलेला माणूस तीन वर्षांनी लग्नात पंगतीला बसलेला त्यानं पाहिलेला असतो, आणि उद्या घरी सोडू म्हटलेला त्याच रात्री गेलेलाही. दुसरा आक्षेप उदासीनतेचा. फार दिवस आजारी असलेल्या माणसाला ‘मरावं’ वाटतं, ते कित्येकदा आजाराचंच लक्षण असतं आणि त्यावर औषध असतं. ते ओळखायला मानसोपचारतज्ज्ञ लागतो, आणि तो तालुक्याच्या गावात शोधून पाहा. तिसरा विश्वासाचा. करोनाच्या काळात खेड्यापाड्यांत ‘दवाखान्यात नेलं की सुई देऊन मारतात’ ही अफवा पसरली होती. त्यापायी माणसं घरीच थांबली आणि घरीच गेली. ज्या दिवशी सुई देऊन मारणं कायदेशीर होईल, त्या दिवशी ती अफवा कशी खोडायची, हा तालुक्याच्या डॉक्टरचा प्रश्न दिल्लीतल्या चर्चेत कोणी विचारत नाही.

आणि भीती. ती डॉक्टर उघड बोलून दाखवत नाहीत, पण असते. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं उपचार थांबवण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननंच तक्रार केली, की यामुळे डॉक्टर कायद्याच्या कचाट्यात आणि ताणाखाली येतील. लक्षात घ्या, हा मसुदा सुईचा नव्हता, फक्त यंत्रं थांबवण्याचा होता.

पण ताई, माझ्या मते सर्वांत जड आक्षेप दवाखान्याच्या बाहेरचा आहे, आणि तो समजायला आपल्या भागाइतकी चांगली जागा नाही. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं पॅकेज आलं ते वऱ्हाड-विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी, त्यात आपला बुलढाणा होता. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर घरच्यांना एक लाख रुपये मदत मिळते. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. पण आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण जातं. सातबारा नावावर होता का, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, थकलेलं होतं का. मग फाइलवर एक शब्द पडतो : पात्र, किंवा अपात्र. मरणाला पात्र-अपात्र ठरवणारी समिती आपण वर्षानुवर्षं पाहतो आहोत. त्या खोलीच्या बाहेर बाकावर बसलेली विधवा ज्यानं पाहिली, त्याला ‘जगणं असह्य झालं की नाही ते समिती ठरवेल’ हे वाक्य गोड लागणं कठीण आहे.

सर्वोच्च न्यायालयालाही २०११ मध्ये हीच धास्ती वाटली होती. समाजात पैशाचं एवढं प्रस्थ असताना, वारसा लवकर हाती यावा म्हणून घरचे आणि डॉक्टर संगनमत करतील, हे नाकारता येत नाही, अशा अर्थाचं निकालात आहे. म्हणून तर उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घालून दिली होती. वाटणीची भांडणं, फेरफार आणि अंगठे हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि उघड लबाडीपेक्षाही मला दुसऱ्याच गोष्टीची धास्ती जास्त वाटते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात असा कायदा १९९७ पासून चालू आहे. तिथे मरणाचं औषध मागणाऱ्यांची कारणं दरवर्षी नोंदली जातात. तुम्हाला वाटेल वेदना पहिली असेल. नसते. स्वतःवरचा ताबा गेला, आवडीचं काही करता येत नाही, मान राहिला नाही, ही कारणं वर असतात. ‘घरच्यांवर ओझं’ हेही दरवर्षी मोठ्या संख्येनं येतं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला ओझं व्हायचं नसतं. ते त्याच्या हाडात असतं. त्याच्यासमोर कायद्यानं एक दार उघडं ठेवलं, तर कोणी ढकलायची गरज नाही. तो आपणहून उठून जाईल, आणि आपण म्हणू, त्याची इच्छा होती.

कॅनडात असा कायदा २०१६ मध्ये सुरू झाला, आधी मरण जवळ आलेल्यांसाठी. २०२१ मध्ये ती अट सैल झाली. २०२३ मध्ये तिथे १५ हजार ३४३ जणांचा मृत्यू या मार्गानं झाला, म्हणजे त्या देशातल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे ४.७ टक्के. तिथल्या अपंगांच्या संघटना म्हणतात, आम्हाला व्हीलचेअर जाईल असं घर आणि मदतनीस मिळायला खेटे घालावे लागतात, हे मात्र चटकन मिळतं. हे ऐकून आपण काय शिकायचं ते आपण ठरवू. पण कॅनडा हा आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत देश आहे.

दुसऱ्या बाजूला अक्कल नाही असं मात्र समजू नका. मुंबईत १९८१ मध्येच मिनू मसानींनी सन्मानानं मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती. २०१७ च्या अखेरीस गिरगावात ठाकुरद्वारला राहणाऱ्या एका वृद्ध, निपुत्रिक दांपत्यानं राष्ट्रपतींना पत्र लिहिलं : आम्ही आजारी नाही, पण आजारी पडून परावलंबी होण्याची वाट का पाहायची? पत्र वाचून मी थबकलो होतो. आणि एका मुद्द्यावर तर डॉक्टरांकडे चांगलं उत्तर नाही. नळी काढून माणसाला हळूहळू जाऊ देणं चालतं, सुईनं लवकर सोडवणं चालत नाही. जाणाऱ्याच्या दृष्टीनं यात दया कुठे जास्त? डॉक्टर म्हणतात, पहिल्यात आजार मारतो, दुसऱ्यात मी. मला हे उत्तर अर्धंच पटतं. तरीही रेघ असायला हवी असेल तर ती तिथेच असावी, या मताचा मी आहे. कारण नळी काढल्यावर एखादा माणूस जगतोही. सुईनंतर जगत नाही.

आता हाती काय असतं त्याबद्दल. माझे मोठे काका तोंडाच्या कर्करोगानं गेले. तंबाखू, दुसरं काय. शेवटच्या महिन्यात त्यांना बोलता येईना, म्हणून पाटीवर लिहायचे. एके दिवशी त्यांनी लिहिलं, ‘मोकळं करा.’ आम्ही सगळे भिंतीकडे बघत राहिलो. मग एका ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांना मॉर्फिन का दिलं नाही? गोळी शहरातून आणावी लागली, तीन चकरा झाल्या. दोन दिवसांनी वेदना उतरली. तिसऱ्या दिवशी काकांनी पाटी मागितली. आम्ही घाबरत घाबरत पुढे केली. त्यांनी लिहिलं होतं, ‘कपाशीचा भाव काय?’ ते त्यानंतर पाच आठवड्यांनी गेले. ‘मोकळं करा’ असं त्यांनी पुन्हा लिहिलं नाही.

तोंडानं घ्यायची मॉर्फिनची गोळी महाग नसते. पण अंमली पदार्थांचा १९८५ चा कायदा इतका कडक होता, की दवाखाने ती ठेवायलाच घाबरत. २०१४ मध्ये कायदा सैल केला, पण भीती कागदाइतक्या लवकर जात नाही. केरळनं २००८ मध्येच उपशामक सेवेचं, म्हणजे आजार बरा होत नसला तरी त्रास कमी ठेवण्याच्या उपचारांचं, धोरण आणलं आणि गल्लीगल्लीत स्वयंसेवक उभे केले. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. नांदुऱ्याहून दोन्ही लांब. सुईच्या कायद्याला विरोध करणारा डॉक्टर या गोळीसाठी कधी भांडला का, हे मी त्याला जरूर विचारतो. भांडला नसेल तर त्याचा विरोध मला पोकळ वाटतो.

तुमच्या घरी आज करण्यासारखं असं आहे. मामाजींच्या पाठीच्या जखमा हा लकव्याचा अटळ भाग नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं, हवेची गादी, त्वचा कोरडी ठेवणं आणि खाण्यात पुरेसं प्रथिन, एवढ्यानं नव्या जखमा थांबतात आणि जुन्या बऱ्याचदा भरतात. अरुणाच्या खोलीत काही जादू नव्हती, हेच होतं. पण हे एकट्या बाईच्या आवाक्यातलं काम नाही. रात्रीच्या दोन पाळ्या तुमच्या यजमानांनी घ्याव्यात, आणि कायदा हवा म्हणणाऱ्या नणंदबाईंनी महिन्यातले आठ दिवस. जखम ड्रेसिंगला ग्रामीण रुग्णालयात दाखवा. जिल्हा रुग्णालयात उपशामक सेवेचा कक्ष आहे का ते विचारा, आणि नसेल तर का नाही तेही विचारा.

दुसरं कागदाचं. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि ‘लिव्हिंग विल’, म्हणजे आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, कायदेशीर ठरवलं. तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती, की वापरणं अवघड. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते नोंदवायचं. आशा संपल्यावर व्हेंटिलेटर नको, छाती दाबून जिवंत करू नका, असं त्यात लिहिता येतं, आणि आपल्या वतीनं कोण बोलेल तेही. पुढे वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं, एक दवाखान्यातलं आणि एक बाहेरच्या डॉक्टरसह, शक्यतो ४८ तासांत मत देतात. उच्च न्यायालयात जावं लागत नाही. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी असं इच्छापत्र करून सुरुवात केली. महाराष्ट्रात डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात पाठपुरावा केल्यावर हे कागद सांभाळण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांत अधिकारी नेमले गेले. तुमच्या नगर परिषदेत चौकशी करा. तिथल्या कारकुनाला माहीत नसेल तर शासनाचा आदेश शोधायला सांगा.

हे नसलं की काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. अकोल्याच्या अतिदक्षता विभागातून ‘डामा’ घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो असं लिहून देऊन, माणूस ॲम्ब्युलन्समध्ये घालायचा. पुतण्यानं हायवेभर श्वास देणारा फुगा दाबत यायचं. ओसरीवर उतरवायचं, गंगाजल आणि तुळशीचं पान तोंडात ठेवायचं आणि मग पुतण्याला सांगायचं, आता थांब. यंत्र थांबवण्याचा निर्णय आपण घेतच असतो. फक्त तो गाडीत बसलेल्या एका पोरावर टाकतो.

शेवटी तुमच्या पत्राबद्दल. ते मी तीनदा वाचलं. त्यात तुमचे यजमान काय म्हणतात ते आहे, नणंदबाईंचं मत आहे, येणारे-जाणारे काय बोलतात तेही आहे. मामाजींना समजतं सगळं, आणि तुटक का होईना बोलता येतं, असं तुम्हीच लिहिलंय. पण ते स्वतः काय म्हणतात, याची एक ओळ पत्रात नाही. दुपारी घर शांत असेल तेव्हा त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. घाई करू नका, त्यांचं वाक्य त्यांनाच पुरं करू द्या. ते काय म्हणाले ते मला कळवा.